टाकीपासून नोझलपर्यंत

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत इंधन फवारले जाते आणि ते आपोआप पेट घेते; त्यामुळे फवारा किती बारीक आहे आणि तो नेमका कोणत्या क्षणी सुटतो, यावर इंजिनाची ताकद, त्याचा धूर आणि त्याचा डिझेलचा खर्च हे तिन्ही अवलंबून असतात. फवारा सोडणाऱ्या नोझलची भोके साधारण एक-दोन दशांश मिलिमीटर व्यासाची असतात. जुन्या यांत्रिक इंजिनांत नोझल उघडण्यास २०० बारच्या आसपासचा दाब पुरत असे. आजच्या कॉमन रेल रचनेत, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून उच्च दाबाचे डिझेल पुरवणाऱ्या रचनेत, हा दाब २,००० बारच्या घरात जातो. इंजेक्टरमधली सुई आणि तिचे घर यांच्यातली फट अवघ्या काही मायक्रॉनची असते आणि तिथे निराळे तेल पोहोचत नसल्याने वाहणारे डिझेलच वंगणाचेही काम करते.

एवढ्या नाजूक वाटेवर घाण साचली की गॅरेजमध्ये पहिला उपाय सुचवला जातो तो बाटलीचा. टाकीत ओतायच्या या पूरक रसायनांना सर्वत्र ॲडिटिव्ह म्हणतात. बाटलीत बहुतांश भाग रॉकेलसारख्या द्रावकाचा असतो आणि खरे काम करणारे घटक त्या मानाने थोडे असतात. मात्र हे घटक सर्व बाटल्यांत सारखे नसतात, कारण इंधनमार्गातली घाणही एका जातीची नसते. टाकीच्या तळाशी पाणी असते, फिल्टरवर बुळबुळीत थर असतो, नोझलच्या टोकावर कोळसा असतो, सुईच्या अंगावर वार्निशासारखा पापुद्रा असतो, आणि या प्रत्येकाचा उगम वेगळा, रसायनशास्त्र वेगळे व इलाजही वेगळा असतो.

टाकीतली घाण सर्वांत स्पष्ट दिसते ती कोकणच्या बंदरांत. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरांत या काळात नौका शाकारून ठेवल्या जातात आणि त्यांच्या टाक्यांतले उरलेले डिझेल दमट हवेत दोन महिने निश्चल पडून राहते. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या मोकळ्या जागेत बाहेरची हवा श्वासनळीतून आत-बाहेर होते, रात्री पत्रा थंड झाला की तिच्यातली वाफ थेंबांच्या रूपाने आतल्या भिंतींवर धरते, आणि पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते ओघळून तळाशी जमा होते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमारेषेवर मग जिवाणू आणि बुरशी वाढू लागतात; पाण्यात राहून डिझेलमधील हायड्रोकार्बनांवर जगणारी होर्मोकोनिस रेझिनी ही बुरशी त्यांपैकी सर्वांत परिचित. तिचे तंतू आणि चिकट स्राव मिळून तपकिरी-काळा गाळ तयार होतो, आणि सोबत निर्माण होणारी सेंद्रिय आम्ले टाकीचा पत्रा आतून खात राहतात.

अशा टाकीसमोर नोझल साफ करणारी बाटली निरुपयोगी असते, आणि जंतुनाशक बाटलीदेखील पहिली पायरी नव्हे. पहिली पायरी म्हणजे तळाचा नळ उघडून पाणी आणि गाळ पारदर्शक बरणीत काढणे, थोडा वेळ स्थिर ठेवून खाली किती पाणी बसते ते पाहणे, आणि पाणी लागताच रंग बदलणारी पेस्ट मापाच्या काठीच्या टोकाला लावून टाकीत उरलेल्या पाण्याची उंची मोजणे. जेथे नळ सर्वांत खालच्या बिंदूवर बसवलेलाच नाही तेथे पंपाची नळी कोपऱ्यापर्यंत नेऊन उपसावे लागते. टाकीतल्या आडव्या पडद्यांमागे पाणी अडून राहते आणि हलत्या समुद्रात ते नेमके पहिल्या फेरीत सुटते, हे इंजिन सांभाळणाऱ्या खलाशांना चांगले माहीत असते. पाणी काढल्यानंतर जंतुनाशक रसायनाला अर्थ येतो. तेही मेलेल्या गाळाला विरघळवून टाकत नाही. भिंतीवरून सुटलेला हा गाळ फिल्टरकडेच धावतो. म्हणून औषध घातल्यावर लागोपाठ दोन-तीन फिल्टर तुंबणे हे औषध वाया गेल्याचे लक्षण मानण्याचे कारण नाही.

प्रमाणाची शिस्त येथे जीवनमरणाची ठरू शकते. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावरून उडालेल्या एका एअरबस ए-३२१ विमानाच्या दोन्ही इंजिनांत हवेत असतानाच बिघाड झाला आणि ते सुखरूप परत उतरवण्यात आले. त्या विमानाच्या टाक्यांत आदल्या देखभालीत घातलेले जंतुनाशक शिफारशीच्या ३८ पट होते, असे चौकशीत निघाले. विमानाचे इंधन रॉकेलच्या जातीचे आणि इंजिन टर्बाइनचे असले, तरी दशलक्ष भागांमागे किती भाग हा हिशेब चुकल्यास औषधच घाण होते, हे डिझेल टाकीलाही तंतोतंत लागू आहे.

पाण्याच्या बाबतीत बाजारातली दोन विरुद्ध मते अनेकदा एकाच कपाटात शेजारी मांडलेली आढळतात. एका जातीची रसायने पाण्याचे सूक्ष्म थेंब डिझेलमध्ये विखरून टाकतात, म्हणजे ते इंजिनातून जाऊन वाफ होऊन निघून जावे. दुसऱ्या जातीची रसायने त्याच थेंबांना एकत्र आणून वेगळे पाडतात, म्हणजे ते पाणी-विलगकाच्या, अर्थात वॉटर सेपरेटरच्या, वाटीत जमून खालच्या नळाने काढता यावे. उच्च दाबाच्या इंजेक्टरांसाठी पहिला मार्ग धोक्याचा आहे, कारण विखुरलेले पाणी सेपरेटरला चकवून थेट सुईपर्यंत पोहोचते, तेथे वंगणाचा पातळ थर तोडते आणि पोलादाला गंज देते. काढून टाकता येणारे पाणी इंजिनात जाळण्याचा खटाटोप करण्यात शहाणपण नाही.

नोझलच्या टोकावरची घाण निराळ्या प्रकारे जन्मते. फवारा संपल्यावर भोकांत राहिलेला डिझेलचा अंश ज्वलनकक्षाच्या उष्णतेने करपतो आणि त्याचा कोळसा भोकांच्या कडांवर बसतो. जस्ताचे अगदी सूक्ष्म प्रमाणही ही क्रिया वाढवते, इतके की युरोपातील प्रमाणित इंजिन-चाचणीत इंधनात मुद्दाम जस्ताचे संयुग मिसळून नोझल खराब केले जातात. जस्ताचा मुलामा दिलेल्या पिंपांत वा टाक्यांत डिझेल ठेवू नये हा जुना नियम त्यामुळे आजही लागू आहे. कोळसा वाढला की फवारा वाकडा पडतो, थेंब मोठे होतात, इंजिन थंड असताना खडखडते, जोर मागितला की काळा धूर मारते.

हा कोळसा सोडवणाऱ्या घटकांत अनेक वर्षे पॉलिआयसोब्युटिलीन सक्सिनिमाइड या कुळाचे राज्य राहिले आहे. या रेणूचे एक टोक ध्रुवीय, म्हणजे विद्युतभाराच्या असमान वाटणीमुळे धातूला आणि घाणीला चिकटणारे असते, तर दुसरे लांब शेपूट डिझेलमध्ये सहज विरघळणारे असते. असंख्य रेणू कणाभोवती जमून त्याला पृष्ठभागापासून उचलतात आणि स्वच्छ धातूवर पातळ थर धरून नवा कोळसा बसू देत नाहीत. कॉमन रेलच्या वाढत्या दाबांबरोबर चतुर्थक अमोनियम क्षारांची नवी पिढी आली, आणि ती सुईवरच्या पापुद्र्यावर अधिक परिणामकारक ठरली. हे काम सावकाश होते. नेहमीच्या मात्रेत, म्हणजे अनेक उत्पादनांत हजार लिटरला एक लिटर या हिशेबाने, काही भरलेल्या टाक्या वापरून संपाव्या लागतात, आणि इंजिन ओझ्याखाली चालले पाहिजे. नुसते धडधडत उभे ठेवून फारसे साधत नाही.

घाई असेल तेथे डब्याची पद्धत वापरतात. इंजिनाला टाकीकडून येणारी नळी आणि परतीची नळी सोडवून दोन्ही एका स्वच्छ डब्यातल्या तीव्र क्लीनरमध्ये बुडवल्या जातात आणि इंजिन त्याच द्रवावर, कधी मंद तर कधी थोडे वेगाने, चालवले जाते. काही वेळाने डब्यातला द्रव काळवंडतो आणि ग्राहकाला तोच पुरावा म्हणून दाखवला जातो. हा पुरावा तपासून पाहण्यासारखा आहे. परतीच्या नळीतून येते ते फक्त पंप आणि इंजेक्टर यांच्या आतून झिरपलेले किंवा जादा ठरलेले इंधन. नोझलच्या टोकावरचा कोळसा ज्वलनकक्षात असतो आणि सुटला तरी जळून धुराच्या नळीनेच जातो, डब्यात येऊ शकत नाही. काळा द्रव आतल्या नळ्यांची स्वच्छता कदाचित सांगेल, नोझलची नव्हे. नोझलची खरी परीक्षा म्हणजे तो काढून हातपंपाच्या टेस्टरवर लावणे आणि उघडण्याचा दाब, फवाऱ्याचा आकार व बंद होताना थेंब टपकतो का हे पाहणे. त्या वेळी फवाऱ्यासमोर हात नसावा, कारण ही धार कातडी भेदून आत शिरते.

सुईवरच्या पापुद्र्याची कथा ॲडिटिव्ह-व्यवसायाला थोडी अवघड आहे. या थरांच्या विश्लेषणात सोडियमचे साबण आणि अमाइडयुक्त लाखेसारखे पदार्थ आढळले. पहिल्यांच्या उगमात गंजरोधकांतील आम्ले सोडियमशी जुळल्याचा भाग होता, तर दुसऱ्यांचा संबंध वर सांगितलेल्याच सक्सिनिमाइड कुळातील कमी रेणुभाराच्या घटकांशी जोडला गेला. म्हणजे साफसफाईसाठी वा संरक्षणासाठी घातलेली द्रव्येच काही परिस्थितीत घाणीचा कच्चा माल झाली. दोन-तीन कंपन्यांच्या बाटल्या एकाच टाकीत रिकाम्या करण्याची सवय म्हणूनच घातक आहे.

वंगणाचा प्रश्न मात्र ॲडिटिव्हने खरोखर सोडवला. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन आले आणि डिझेलमधील गंधकाची मर्यादा बीएस-४ मधील ५० वरून दशलक्ष भागांत १० भागांवर उतरली. गंधक स्वतः वंगण नव्हे, पण ते काढणाऱ्या हायड्रोजन-प्रक्रियेत नैसर्गिक वंगण देणारी ध्रुवीय संयुगेही निघून जातात. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी अत्यल्प गंधकाचे डिझेल आले तेव्हा पंप लवकर झिजू लागले आणि हा धडा जगाने घेतला. तेव्हापासून शुद्धीकरण कारखान्यांतच मेदाम्ले किंवा एस्टर मिसळले जातात, आणि पोलादी गोळी चकतीवर घासून पडलेला व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा नसावा असा निकष पाळला जातो. अधिकृत पंपावरचे डिझेल घेणाऱ्याला वंगणाची निराळी बाटली सहसा लागत नाही; रॉकेल मिसळलेले डिझेल घेणाऱ्याला मात्र बाटली वाचवू शकत नाही.

या सर्वांच्या पलीकडे एक गोष्ट उरते, झीज. इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या वेगवेगळ्या मापाच्या नळ्यांत सोडून इंजिन चालवले असता एखाद्या नळीत इतरांहून बरेच जास्त डिझेल जमले, तर तो इंजेक्टर आतून झिजला आहे. गेलेला धातू कोणतेही रसायन परत आणत नाही. म्हणून खर्चाचा क्रम असा बसतो: आधी पाणी आणि फिल्टर, मग परतीचे माप, आणि त्यानंतरच घाणीच्या जातीनुसार बाटली.

बंदी उठण्याच्या सुमारास बंदरात हाच क्रम पुन्हा सुरू होतो. नवा फिल्टर बसवून, हाताच्या प्रायमरने डिझेल ओढून, स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली जाते. पहिल्या काही फेऱ्यांनंतर काढलेला फिल्टर फेकण्यापूर्वी चिरून त्याचा कागद उलगडला तर काम पुढे कसे करायचे ते ठरते: बुळबुळीत तपकिरी थर असेल तर टाकी पुन्हा उपसायची आणि जंतुनाशकाची मात्रा मापून घालायची, गंजाची पूड असेल तर टाकीचा पत्रा तपासायचा, आणि कागद नुसता काळसर पण कोरडा असेल तर पुढचा फिल्टर ठरलेल्या तासांनी बदलायचा.