शीच्या भीतीवर उतारा संयमाचा

मूल अडीच-तीन वर्षांचे झाले आणि प्लेग्रुपचे वेध लागले, की घरोघरी डायपर सोडविण्याची घाई सुरू होते. शू सांगायला शिकलेले मूल शीच्या वेळी मात्र पॉटीवर बसायला साफ नकार देते, पडद्याआड जाऊन उभे राहते, रडून डायपर मागते. घरातील मंडळी याला हट्ट म्हणतात. अनेकदा ती भीती असते.

मुलाच्या दृष्टीने ही भीती निराधार नसते. कमोड त्याच्या अंगाच्या मानाने मोठा, पाय अधांतरी आणि फ्लशचा आवाज दचकविणारा. भारतीय पद्धतीच्या संडासात तोल जाण्याची धास्ती. शी पाण्याबरोबर नाहीशी होते तसे आपणही वाहून जाऊ, असे या वयात खरोखर वाटू शकते.

दुखण्याचा चकवा

भीतीचे आणखी एक महत्त्वाचे कारण म्हणजे वेदना. एकदा शी होताना दुखले, की मूल ती रोखून धरते. रोखलेल्या मलातील पाणी आतडे शोषून घेते, मल अधिक कडक होतो आणि पुढच्या वेळी अधिक दुखते. हे चक्र लांबले तर मलाशय ताणले जाते, शीची जाणीव बोथट होते आणि पातळ मल नकळत चड्डीत झिरपतो. मोठ्यांना ती खोडी वाटते व मूल विनाकारण बोलणी खाते. पाय आवळून, टाचा उंचावून ताठ उभे राहणारे मूल जोर करीत नसून बहुधा शी अडवीत असते, हे ओळखायला हवे.

म्हणून आधी शी मऊ व्हायला हवी. पुरेसे पाणी, पालेभाज्या, वरण, पपई आहारात असावी. दुधाचा अतिरेक टाळावा. तोवर पॉटीचा आग्रह थांबवून डायपर द्यावा. त्यात माघार नाही.

एकेक पायरी

त्यानंतर जमिनीवर ठेवायची लहान पॉटी आणून मुलाला कपड्यांसह तिच्यावर बसू द्यावे. डायपरमधली शी न्हाणीघरात, मग डायपर घालूनच पॉटीवर आणि शेवटी डायपरविना, असा क्रम ठेवावा. पाय टेकलेले असावेत. कमोड असल्यास पायांखाली पाट द्यावा. तान्ह्या बाळाला पायांवर बसविण्याच्या जुन्या पद्धतीतही आधार आणि स्पर्श होताच. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते. तेव्हा पाचेक मिनिटे गोष्ट सांगत बसवावे. फ्लश मूल बाहेर गेल्यावर करावा. कौतुक बसण्याचेही व्हावे. शेजारच्या मुलाशी तुलना नको.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ११७० मुलांच्या नोंदींवर आधारित लेखात मुलाच्या तयारीनुसार चालण्याची पद्धत मांडली. मूल विरोध करू लागले तर थांबावे, हे तिचे सूत्र आजही उपयोगी आहे.

शीत रक्त, फुगलेले पोट, उलट्या, वजन न वाढणे किंवा चड्डीत वारंवार डाग दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. एनिमा वा जुलाबाचे औषध परस्पर देऊ नये. डॉक्टरांनी दिलेले मल मऊ करणारे औषध बरे वाटताच मध्येच बंद करू नये. ताणलेले मलाशय पूर्ववत होण्यास अनेकदा काही महिने लागतात. प्लेग्रुपच्या तारखेशी त्याला देणेघेणे नसते.