दहा वर्षांचा मुलगा आणि चांगले दोन तास

'माय ब्रदर इज टेन इयर्स ओल्ड' हे वाक्य बरोबर. पण त्याच मुलाबद्दल 'अ टेन इयर्स ओल्ड बॉय' असं लिहिलं की चूक. तिथे 'अ टेन-इयर-ओल्ड बॉय' हवं. वर्षं दहाच, मग 'इयर्स'मधला शेवटचा 'स' कुठे गेला?

पहिल्या वाक्यात आपण वर्षं मोजतो, म्हणून अनेकवचन. दुसऱ्यात 'टेन-इयर-ओल्ड' हे सगळं मिळून मुलाचं विशेषण झालं आणि इंग्रजीत विशेषणाला अनेकवचन नसतं. म्हणून तीन दिवसांची सहल 'थ्री-डे टूर' आणि सहा महिन्यांचा अभ्यासक्रम 'सिक्स-मंथ कोर्स'. लिहिताना शब्दांमध्ये छोटी आडवी रेघ द्यायची. मराठीत आपण 'दहा वर्षांचा' म्हणतो, त्यात अनेकवचन असतं. तेच डोक्यात असल्यामुळे आपला हात 'इयर्स' लिहायला जातो.

मराठीच्या 'च्या'सारखी सोय इंग्रजीतही आहे. 'टू वीक्स हॉलिडे' म्हणजे दोन आठवड्यांची सुट्टी. इथे 'स' राहतो, त्याच्यानंतर वर स्वल्पविराम येतो आणि सुरुवातीला 'अ' लागत नाही. 'अ टू-वीक हॉलिडे' म्हणायचं तर 'अ' हवा, 'स' नको. दोन्ही बरोबर, सरमिसळ तेवढी टाळायची.

आता 'आय वेटेड अ गुड टू अवर्स' हे वाक्य घ्या. तास दोन, तरी आधी 'अ' कसा? कारण इथे दोन तासांचा एकच गठ्ठा धरलाय आणि 'गुड' त्या अख्ख्या गठ्ठ्याला लागतं. आपणही 'चांगले दोन तास ताटकळलो' म्हणतो. त्यात ते तास सुखाचे गेले असं काही नसतं. पुरते दोन तास, कदाचित थोडे जास्तच, एवढाच अर्थ. 'टू गुड अवर्स' म्हटलं तर मात्र दोन्ही तास छान गेले. 'अ बिझी थ्री वीक्स', 'अ फुल सिक्स मंथ्स' यांची बांधणीही अशीच: आधी 'अ', मग विशेषण, मग आकडा.

तिसरी गंमत शब्दयोगी अव्ययांची. सकाळी म्हणजे 'इन द मॉर्निंग'. पण सकाळ थंड असेल तर 'ऑन अ कोल्ड मॉर्निंग'. रात्री म्हणजे 'ॲट नाइट', पण अंधाऱ्या रात्री 'ऑन अ डार्क नाइट'. विशेषणाने ती एक विशिष्ट सकाळ किंवा रात्र वेगळी काढली, आणि विशिष्ट दिवसासाठी इंग्रजी 'ऑन' वापरतं, जसं 'ऑन मंडे'. 'अर्ली' आणि 'लेट' दिवसाचा भाग सांगतात, म्हणून 'इन द अर्ली मॉर्निंग' तसंच राहतं. 'लास्ट', 'नेक्स्ट', 'धिस' आले की आधी काहीच लागत नाही: 'लास्ट मंडे', 'धिस मॉर्निंग'. 'ऑन लास्ट मंडे' ही आपल्याकडे फार ऐकू येणारी चूक.

वेळेबरोबर विशेषण लिहिताना स्वतःला एवढंच विचारावं: वेळ इथे नामाचं वर्णन करते आहे, विशेषण अख्ख्या गठ्ठ्याला लागतंय, की एखादी सकाळ वेगळी काढतंय? तिन्ही एका वाक्यात पाहा: 'ऑन अ रेनी मॉर्निंग, अ ट्वेल्व्ह-इयर-ओल्ड गर्ल वेटेड अ गुड टू अवर्स.' एका पावसाळी सकाळी बारा वर्षांच्या मुलीने चांगले दोन तास वाट पाहिली.