जुना चांदीचा रुपया: प्रत, दोष आणि रास्त भाव

महाराष्ट्रात नवख्या संग्राहकाच्या हाती सर्वांत सहज येणारे जुने नाणे म्हणजे ब्रिटिश अमदानीतला चांदीचा रुपया. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन ११.६६ ग्रॅम होते आणि बारा भागांत अकरा भाग चांदी होती. एका रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असे. हे प्रमाण १९३९ पर्यंत टिकले, १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा निघाला. त्यामुळे जुन्या रुपयाला दोन भाव असतात, एक मोडीचा आणि दुसरा नाण्याचा. विकणाऱ्याला फक्त पहिला भाव दिसतो आणि घेणाऱ्याला दुसराही कळतो, तिथे स्वस्त सौदा होतो.

असे सौदे लिलावाच्या गुळगुळीत छापील सूचीत क्वचितच सापडतात, कारण तिथे प्रत्येक नाणे जाणकाराच्या नजरेखालून गेलेले असते. सराफाकडे मोडीत आलेली थैली, पुण्याचा रविवार-बुधवारचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, एखाद्या घरातून एकगठ्ठा निघालेला संग्रह, या खऱ्या जागा. तिथे रुपये वजनावर किंवा सरसकट एका दराने विकले जातात. व्हिक्टोरियाच्या आणि पाचव्या जॉर्जच्या काळातले बहुतेक रुपये प्रचंड संख्येने पाडलेले आहेत. ते झिजलेले असतील तर मोडीच्या भावापेक्षा फारसे जास्त देऊ नये, मग विकणारा 'शंभर वर्षांचे नाणे' म्हणून कितीही गळ घालो. वय आणि दुर्मीळता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

थैलीत शोधायचे ते ठरावीक साल आणि टांकसाळीची खूण. १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया प्रसिद्ध आहे. राजाच्या झग्यावर हत्ती कोरला होता, पण तो लोकांना डुकरासारखा दिसला आणि गदारोळ झाला. ती नाणी मागे घेऊन बहुतांश वितळवली गेली. १९१२ पासून सोंड स्पष्ट असलेला हत्ती आला. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा पूर्ण कसाचा रुपया त्याहून दुर्मीळ आहे, म्हणूनच सालातला शेवटचा आकडा कोरून बदललेले रुपये त्याच्या नावाने खपवले जातात. तो आकडा भिंगातून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर तळाच्या कमळापाशी बारीक ठिपका असेल तर टांकसाळ मुंबईची, नसेल तर कलकत्त्याची. एकाच सालाच्या दोन टांकसाळींच्या नाण्यांत भावाचा फरक पडू शकतो.

साल जमले की प्रश्न उरतो प्रतीचा. प्रत म्हणजे नाणे टांकसाळीतून निघाले तेव्हाचे किती शिल्लक आहे याचा अंदाज. अमेरिकेतल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये १ ते ७० अशी मोजणी मांडली. तीच पुढे सगळ्या नाण्यांना लागू झाली आणि आज ६० व त्यावरचा अंक न वापरलेल्या नाण्याला मिळतो. भारतीय विक्रेते अजून बहुधा 'फाइन', 'व्हेरी फाइन', 'एक्स्ट्रा फाइन' आणि 'अनसर्क्युलेटेड' हीच नावे वापरतात. एका पायरीच्या फरकाने भाव अनेकदा दुपटीने बदलतो, म्हणून विक्रेत्याने पाकिटावर लिहिलेली प्रत हे त्याचे मत समजावे.

झीज सगळीकडे सारखी होत नाही. उंच भाग आधी घासला जातो, तेव्हा नजर तिथेच न्यावी. व्हिक्टोरियाच्या रुपयावर मुकुटातली रत्ने, कानावरचे केस आणि पोशाखाची वेलबुट्टी पाहावी. सातवा एडवर्ड मुकुटाविना आहे, त्याचा कान आणि दाढी पाहावी. पाचव्या जॉर्जचा मुकुट आणि झग्यावरचा तो हत्ती पाहावा. एकाच दिव्याखाली नाणे हळूहळू कलते करावे. न वापरलेल्या चांदीवर उजेडाचा पट्टा चक्रासारखा फिरतो. उंच भागावर तो तुटला आणि तिथे करडेपणा दिसला, की नाणे हाताळले गेलेले आहे.

सर्वांत घातक दोष मात्र झिजेचा नाही, घासून चकचकीत करण्याचा आहे. चिंच, रांगोळी किंवा भांड्यांच्या पावडरीने घासलेला रुपया लख्ख दिसतो, पण भिंगाखाली एका दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसतात आणि मूळ झळाळी कायमची गेलेली असते. जाणकार त्याला मोडीच्या आसपासच मोजतो. उलट, वर्षानुवर्षे पेटीत राहून निळसर-तपकिरी छटा चढलेला रुपया अस्पर्श असतो, त्याला जास्त मोल मिळते. कडी लावलेले, भोक पाडून दागिन्यात ओवलेले, कडी काढून डाग भरलेले रुपये महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. भरलेली जागा काठावर नखाला जाणवते. सराफांनी कस पाहण्यासाठी मारलेले ठसेही भाव कमी करतात. मात्र त्या नाण्याच्या प्रवासाचा तो खरा पुरावा असतो, आणि कमी पैशात दुर्मीळ साल हवे असणाऱ्याने असे नाणे जरूर घ्यावे.

टांकसाळीत झालेली चूक मात्र भाव वाढवते. आधीचे नाणे साच्याला चिकटून राहिले तर पुढच्या चकतीवर त्याची खोलगट, उलटी प्रतिमा उठते. यालाच बाजारात 'लाखी' म्हणतात. खऱ्या लाखीत प्रतिमा रेखीव आणि दुसरी बाजू पूर्ण शाबूत असते. दोन नाणी शिकंज्यात दाबून केलेल्या नकलेत दुसरी बाजू चेपलेली असते. चकती कापताना कडेचा तुकडा गेला असेल, तर त्याच्या बरोबर समोरचा काठ फिका उठतो. नंतर कानशीने कापलेल्या नाण्यावर ही खूण नसते. हा भेद ज्याला साधला त्याने संग्रहाचा निम्मा खर्च वाचवला.

मराठेशाहीतल्या शिवराईला मात्र रुपयाचे हे नियम लावता येत नाहीत. हाताने ठोकलेल्या या तांब्याच्या नाण्याचा साचा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपती' ही अक्षरे अपुरी बसणे हीच तिची रीत आहे. अक्षरे पूर्ण आणि ठिपक्यांची कडा दिसणारी शिवराई म्हणूनच मोलाची. पेशवाईच्या उत्तरार्धातल्या दुदांडी, म्हणजे दोन दांड्यांच्या, शिवराया स्वस्त मिळतात आणि अभ्यासाला उत्तम आहेत. तांब्यावर भुरभुरणारा हिरवा कळंक दिसला तर नाणे इतरांपासून वेगळे ठेवावे, कारण ही कीड धातू खात जाते.

नकली नाणे ओळखायला साधा तोल पुरतो. रुपयाचे वजन झिजेने काही दशांश ग्रॅम घटते, पूर्ण ग्रॅमची तूट संशयास्पद. पाण्यात तोलून पूर्ण कसाच्या रुपयाचे विशिष्ट गुरुत्व १०.३ च्या आसपास यावे, पितळेवर मुलामा असेल तर ते साडेआठच्या घरात राहते. ओतीव नकलेवर सुईच्या टोकाएवढी छिद्रे आणि मऊ अक्षरे असतात. चुंबकाला चांदी चिकटत नाही, पण १९४७ चा खरा रुपया चिकटतो. '१८१८' सालाची राम-सीता किंवा हनुमान असलेली कंपनीची नाणी कधी पाडलीच गेली नाहीत. अशा वस्तू लाखोंना विकत घेण्याची आमिषे फसवी असतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या नावाने चालणाऱ्या अशा व्यवहारांबद्दल जाहीर इशारा दिला आहे.

कायद्याचेही भान हवे. जमिनीत पुरलेली नाणी सापडली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत, मग ती आजीने परदेशी निघालेल्या नातवाला प्रेमाने दिलेली असली तरी.

घरातली नाणी मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवू नयेत, त्यातून पाझरणारा हिरवट थर चांदी-तांब्याला खातो. कडांना धरावीत, कोरडी ठेवावीत. आणि लक्ष्मीपूजनाला देव्हाऱ्यातला रुपया चिंचेने घासण्याआधी त्याचे साल आणि टांकसाळ एकदा भिंगातून पाहून घ्यावी. पूजा न घासलेल्या रुपयाचीही होते.