आधी हात, मग माल

गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याच्या यात्रेत बांगड्यांच्या दुकानांपुढची गर्दी दुपारनंतर वाढते. वैनगंगा इथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, म्हणून महाशिवरात्रीच्या स्नानाला चामोर्शी, मूल, सावली, पार आष्टी-अहेरीकडूनही माणसं येतात. नदीवर अंघोळ, मार्कंडेश्वराचं दर्शन, आणि मग बायका बांगड्या भरायला वळतात. यात्रेत फुगे, भांडी, चादरी, प्रसाद असं सगळं विकायला असतं. पण विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडे किती आणि कसं लक्ष द्यावं हे बघायचं असेल, तर बांगडीच्या दुकानासमोर बसावं. इथे विकणाऱ्याला गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यावाच लागतो.

मी बसले होते ते दुकान म्हणजे एक ताडपत्री, मागे दोरीला ओवलेल्या बांगड्यांच्या रांगा आणि पुठ्ठ्याच्या नळ्यांवर चढवलेला फिरोजाबादचा माल. भरणाऱ्या बाई पन्नाशीच्या. सून मागून नळ्या काढून देत होती. बाया आधी उभ्या राहूनच बघत. त्यांना हाक मारणं, पदर धरून बसवणं, 'हा बघा, तो बघा' म्हणून नळ्या नाचवणं यातलं भरणाऱ्या बाई काही करत नव्हत्या. "ये वं माय, बस," एवढंच. मग गप्प. बाई बघते आहे तोवर तिला बघू द्यायचं. तेवढ्या वेळात त्यांनी मात्र तिचं मनगट बघून घेतलेलं असे.

मनगटावर बरंच काही असतं. चामोर्शी आणि मुलचेऱ्याकडे पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांच्या वसाहती आहेत. तिथल्या बाईच्या हातात शंखाची पांढरी आणि सोबतीची तांबडी बांगडी असेल, तर त्या काढायला लावायच्या नसतात. काचेच्या बांगड्या त्यांच्या मागेपुढे बसवायच्या. सिरोंच्याकडची बाई तेलुगूत 'गाजुलू' म्हणाली की सून बरोबर नळी काढते. रोवणीला जाणारीची बोटं जाड, सांधे फुगलेले, पण मनगट बारीक. सांध्यावरून जाईल तेवढं माप घेतलं तर बांगडी मनगटावर ढिली पडते आणि चिखलात काम करताना कोपरापर्यंत वर-खाली होत राहते. म्हणून अशा हाताला भरणाऱ्या बाई साधी, गोल, बिनटिकलीची बांगडी सुचवतात आणि संख्या कमी ठेवतात. "चार-चार पुरते. डझन कायले?" असं गिऱ्हाइकालाच सांगताना मी त्यांना ऐकलं.

माप दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असं बोलतात. दोन इंच, आणि वर इंचाचे तितके सोळावे भाग. म्हणजे दोन-चारचा आतला व्यास सव्वादोन इंच, दोन-आठचा अडीच. पण माप विचारून फार उपयोग नसतो. बाया सांगतात ते त्यांच्या लग्नातलं माप, आणि मधल्या वर्षांत हात बदललेला असतो. म्हणून आधी हात घ्यायचा. गिऱ्हाइकाची चारही बोटं एकत्र गोळा करायची, अंगठा तळहाताकडे मुडपून करंगळीच्या बाजूला दाबायचा आणि सगळ्यात रुंद हाड कुठे येतंय ते आपल्या बोटांनी चाचपायचं. मग नळीवरून एक बांगडी उतरवून तिरपी सरकवायची. बांगडी आत गेली तरी हात सैल न सोडता दुसरी, तिसरी.

हे सगळं करताना त्या बाईंचे डोळे हातावर नव्हते. ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे होते. कपाळाला आठी पडली की बोटं थांबत. "दुखते का वं?" पोरगी 'नाही' म्हणाली तरी त्या क्षणभर थांबत, कारण दुखत असूनही 'नाही' म्हणायची सवय आपल्या पोरींना फार लहानपणी लागते. मग गप्पा सुरू होत. कोणत्या गावची, कोणाबरोबर आलीस, नदीला पाणी किती आहे. बोलता बोलता हात ढिला पडे आणि अडलेली बांगडी निघून जाई. दुकानात विक्रेत्याने किती बोलावं याचं इतकं चोख माप मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. बोलायचं ते गिऱ्हाइकाचा त्रास कमी व्हावा म्हणून. भरताना बांगडी फुटली, तर ती दुकानाची. तिचे पैसे धरत नव्हत्या. भरून झाल्यावर बऱ्याच जणी वाकून नमस्कार करत. विकणाऱ्याला गिऱ्हाइकाने नमस्कार करावा असे धंदे किती उरलेत?

एक बाई मात्र बराच वेळ कडेला उभ्या होत्या. साठीच्या असाव्यात. गळा मोकळा, हात मोकळे. बरोबरची नात हट्ट करत होती, तिच्या बांगड्या झाल्या, पैसेही दिले, तरी त्या हलेनात. भरणाऱ्या बाईंनी सुनेला काही तरी खुणावलं. सुनेने कथ्थ्या रंगाची नळी काढून पुढे ठेवली, बस्स. 'तुमच्यासाठी का', 'मालक आहेत का', एक शब्द नाही. आजीच खाली बसल्या आणि हात पुढे केला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तो आदर्श धरून साऱ्या ग्रामपंचायतींना परिपत्रक काढलं. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं थांबवा म्हणून. ते व्हायलाच हवं होतं. पण ठराव झाल्यावरही बाईला बांगडी पुन्हा हातात घालायची असते ती कुठल्या तरी दुकानातच. तिथे समोरच्याने एक नको तो प्रश्न विचारला, तर ती उठून जाईल आणि पुन्हा कधीच यायची नाही. गळ्याकडे बघून ओळखायचं, आणि ओळखल्याचं दाखवायचं नाही. विक्रेत्याच्या कामातलं मला हे सगळ्यात अवघड वाटतं.

आमच्या शहरांतल्या मोठ्या दुकानांत याच्या नेमकं उलट चालतं. अंगावर बरे कपडे असले की दारापासून एक मुलगा किंवा मुलगी मागे लागते आणि शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. आणि धुळीच्या पायांनी, पिशवी छातीशी धरून आलेलं जोडपं काउंटरपुढे उभंच राहतं. त्यांना कोणी 'काय दाखवू' म्हणत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत तर हे दुर्लक्ष जास्तच लागतं. चारोळी घेऊन बदल्यात मीठ मोजून देणारे व्यापारी इथल्या जंगलातल्या माणसांनी पाहिले आहेत. माडिया किंवा गोंड माणूस दुकानात आला की गप्प उभा राहतो, भाव दोनदा विचारत नाही. त्याला काही नको आहे असं दुकानदाराने समजू नये. जवळ जाऊन, वस्तू हातात देऊन, किंमत स्वच्छ आवाजात एकदा सांगावी आणि बाजूला व्हावं. मार्कंड्याच्या त्या ताडपत्रीवर हे सर्वांसाठी सारखं चालू होतं. भारी साडीवालीचा नंबर मागून आला तर ती मागेच बसली.

संध्याकाळकडे एक तरुण बाई आली. पाच-सहा महिन्यांची पोटुशी, हात सुजलेले. तिला दोन-चारच हवं होतं, हिरवंच हवं होतं. बाईंनी तिची बोटं दाबून पाहिली आणि नकार दिला. मोठं माप घालून देता आलं असतं. बाळंतपणानंतर ते गळून पडलं असतं आणि नवं घ्यायला ती पुन्हा आली असती. "आता नको भरू, सूज उतरू दे," म्हणून तिला परत पाठवलं. विक्री गेली. सूनही काही बोलली नाही, तिने नळी जागेवर ठेवली.

इतक्या वेळात माझ्या लक्षात आली ती बसण्याची गोष्ट. भरणारी बसलेली, भरून घेणारी बसलेली, दोघींचे डोळे एका उंचीवर. कापडाच्या शोरूममधली मुलगी आठ-दहा तास उभी असते. पोटऱ्या ठणकत असताना समोरच्याच्या कपाळाची आठी कोणाला दिसणार? केरळमध्ये कोझिकोडच्या दुकानांतल्या बायकांनी संघटित होऊन बसण्याचा हक्क मागितला. केरळने २०१८ मध्ये दुकानांच्या कायद्यात तशी दुरुस्ती केली, तामिळनाडूने २०२१ मध्ये. चंद्रपूर-गडचिरोलीच्या दुकानमालकांनी कायद्याची वाट बघायचं कारण नाही. दर काउंटरमागे एक स्टूल ठेवावं, आणि गिऱ्हाईक नसताना त्यावर बसलेल्या मुलीला 'उठ' म्हणू नये.