मुखवट्याआड कोण? (क्रमशः)

आधी एक कोडं. अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच संपलं आहे. सैन्यातून पळालेल्यांची टोळी घेऊन कॅप्टन स्मिथ टेक्सास गिळायला निघालाय. नव्याने रुजू व्हायला आलेल्या एका सरकारी अधिकाऱ्याचा तो काटा काढतो आणि त्याचं नाव आणि हुद्दा घेऊन स्वतःच ‘कर्नल जेफ्रीज’ म्हणून खुर्चीत बसतो. त्याला आडवा येतो तो पांढऱ्या घोड्यावरचा एक मुखवटेवाला स्वार. जेफ्रीजला एवढंच कळतं, की हा स्वार ठरावीक पाच तरुणांपैकी एक आहे. पण कोणता? ते प्रेक्षकांनाही ठाऊक नाही. आठवड्यामागून आठवडे जातात, त्या पाचांतले एकेक जण मरत जातात, आणि पंधराव्या भागात मुखवटा उतरतो.

ही १९३८ सालची ‘द लोन रेंजर’. यात चेहरा झाकलेला माणूस खरा आणि चेहरा उघडा ठेवून वावरणारा खोटा! साहित्याच्या वर्गात आपण मुखवटा आणि चेहरा यावर पानंच्या पानं लिहितो, आणि इथे शाळकरी पोरांसाठी काढलेल्या स्वस्तातल्या मालिकेने ते असं सहज करून टाकलंय.

पण ‘मालिका’ म्हटल्यावर टीव्ही डोळ्यांसमोर आणू नका. या मालिका थिएटरात लागायच्या. बारा ते पंधरा भाग, पहिला जरा लांब, बाकीचे पंधरा-वीस मिनिटांचे. शनिवारी दुपारच्या खेळाला मुख्य सिनेमा, कार्टून आणि बातमीपट यांच्या सोबतीने दर आठवड्याला एक भाग. शेवटी नायक मरणाच्या दारात: घोडागाडी कड्यावरून खाली जाते, खाणीत स्फोट होतो, आणि पडद्यावर ‘पुढच्या आठवड्यात’. आपल्याकडे मासिकांत ‘क्रमशः’ छापतात ना, तसंच. फक्त इथे वाचकाऐवजी पोरं खुर्चीवर उभी राहून ओरडायची. पुढच्या आठवड्यात कळायचं की गाडी कोसळण्याआधीच नायकाने उडी मारली होती. आधीच्या भागात ती उडी मुद्दाम दाखवलेलीच नसायची. चक्क फसवणूक! तरी पोरं पुन्हा यायचीच.

आता मुखवट्याकडे येऊ. नायकाने तोंड का झाकायचं? कथेतलं कारण सोपं आहे: घरच्यांना धोका नको, शत्रूला पत्ता लागू नये. यातलं बरंचसं झोरोकडून आलं. जॉन्स्टन मॅकली या लेखकाने १९१९ साली एका मासिकात झोरो जन्माला घातला आणि लगेच १९२० मध्ये डग्लस फेअरबँक्सने तो पडद्यावर आणला. दिवसा आळशी, नाजूक, कंटाळलेला श्रीमंत तरुण आणि रात्री काळ्या कपड्यांतला तलवारबहाद्दर, हा साचा तिथून पुढे कितीतरी नायकांनी वापरला.

पण मालिकावाल्यांकडे आणखी एक कारण होतं, आणि ते पैशाचं. १९३५ मध्ये सुरू झालेली रिपब्लिक पिक्चर्स ही काही श्रीमंत कंपनी नव्हती. तिच्याकडे होते ते उत्तम स्टंटमन. नायकाचा चेहरा उघडा असेल तर घोड्यावरून उडी मारणारा माणूस वेगळा आहे हे लपवायला कॅमेरा लांब ठेवावा लागतो. मुखवटा असला की कॅमेरा हवा तितका जवळ न्या. वर जुन्या मालिकेतली दृश्यं नवीत खपवता येतात, कारण त्या काळ्या कापडामागे कोण आहे हे कोण विचारणार?

‘द लोन रेंजर’मधला नायक तर अक्षरशः तुकड्यांनी जोडलेला आहे. जवळजवळ सगळा चेहरा झाकणारा मुखवटा, मारामारीला स्टंटमन, आणि आवाज बिली ब्लेचर नावाच्या तिसऱ्याच माणसाचा. प्रेक्षकांनी आवाजावरून पाचातला एक ओळखू नये म्हणून ही युक्ती. गंमत म्हणजे डिस्नेच्या तीन छोट्या डुकरांच्या कार्टूनमध्ये (१९३३) घर फुंकरीने उडवणाऱ्या लांडग्याचा आवाजही याच ब्लेचरचा! शेवटी मुखवट्यातून जो चेहरा बाहेर आला तो ली पॉवेलचा. १९३९ मध्ये पुढची मालिका निघाली तेव्हा मात्र त्याच्या जागी रॉबर्ट लिव्हिंग्स्टन होता, आणि त्यात नायकाचा चेहरा बराच वेळ उघडाच दिसतो. पॉवेल पुढे मरीन सैनिक झाला आणि १९४४ मध्ये पॅसिफिकमधल्या टिनियन बेटावर वारला.

त्याच १९३९ सालची ‘झोरोज फायटिंग लीजन’ ही बारा भागांची मालिका. या सगळ्यांत कुठली बघू असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन. विल्यम विटनी आणि जॉन इंग्लिश ही दिग्दर्शकांची जोडी, रीड हॅडली झोरोच्या भूमिकेत. इथे खलनायकही मुखवट्यात आहे: डॉन देल ओरो, सोन्याच्या मूर्तीच्या वेशातला ‘देव’. गावच्या प्रतिष्ठित मंडळींपैकीच कुणीतरी त्या चिलखताआड आहे, म्हणजे ओळखण्याचा खेळ इथे उलटा. याकिमा कनट या अफाट स्टंटमनची कामं यात बघा, धावत्या घोड्यांमधून गाडीखाली जाणं वगैरे. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’मध्ये इंडियाना जोन्स ट्रकखालून सरपटतो, त्याचं मूळ इथे आहे. कनटला पुढे १९६७ मध्ये मानद ऑस्कर मिळालं.

मालिकेचा इतिहास मात्र विनोदी आहे. गोष्ट १८२४ ची, आणि बेनितो हुआरेझ देशाचा कारभार पाहतोय. खरा हुआरेझ १८०६ मध्ये जन्मला, म्हणजे तेव्हा तो जेमतेम अठरा वर्षांचा! हे हसण्यावारी नेता येतं. याकी लोकांचं चित्रण तसं नेता येत नाही. मालिकेत ते सोन्याचा पुतळा चालू लागला म्हणून त्याच्यामागे धावणारे भोळसट दाखवलेत. खरे याकी मेक्सिकोच्या उत्तरेचे, जमिनीसाठी पिढ्यान्‌पिढ्या लढलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने त्यांच्यातल्या हजारोंना धरून पार युकातानच्या मळ्यांवर राबायला पाठवलं. मालिका आली तेव्हा या गोष्टीला पुरती चाळीस वर्षंही झाली नव्हती. झोरोला दोन चेहरे मिळाले, याकींना मात्र एकही धड मिळाला नाही.

आणि बाईने मुखवटा घातला तर? १९४४ च्या ‘झोरोज ब्लॅक व्हिप’मध्ये झोरो फक्त नावापुरता, तो कथेत येतच नाही. गोष्ट १८८९ मधल्या आयडाहोची. प्रदेशाला राज्याचा दर्जा मिळावा म्हणून मतदान व्हायचंय आणि गुंडांना ते होऊ द्यायचं नाही. वर्तमानपत्राचा संपादक रात्री ‘ब्लॅक व्हिप’ बनून लढतो आणि पहिल्याच भागात मारला जातो. मग त्याची बहीण बार्बरा वर्तमानपत्र आणि चाबूक दोन्ही हातात घेते. ही भूमिका लिंडा स्टर्लिंगची, आणि तिच्या धोकादायक उड्या मारणारी बेब डीफ्रीस्ट. गुंडांच्या डोक्यात ही बाई असेल हे लवकर शिरतच नाही. त्यांच्यासाठी मुखवट्याआड पुरुषच असणार! मला खरी टोचणी लागली ती वेगळीच. आयडाहोत स्त्रियांना मताचा हक्क मिळाला १८९६ मध्ये. म्हणजे बार्बरा बारा भाग जीव धोक्यात घालून जे मतदान वाचवते, त्यात तिला स्वतःला मत नाही. मालिका याबद्दल चकार शब्द काढत नाही.

मुंबईत हा चाबूक त्याच्याही नऊ वर्षं आधी वाजला होता. फेअरबँक्सच्या चाहत्या वाडिया बंधूंच्या ‘हंटरवाली’त (१९३५) नादियाने मुखवटेवाली राजकन्या रंगवली. अमेरिकेत बार्बराच्या उड्या बेब डीफ्रीस्टने मारल्या. नादिया आपले स्टंट स्वतः करायची, आणि पोस्टरवर नावही तिचंच.

मुखवटा कोणाचा, हा प्रश्न शेवटी खरोखरच कोर्टात गेला. ‘घोस्ट ऑफ झोरो’ (१९४९) मालिकेतला क्लेटन मूर त्याच वर्षी टीव्हीवरचा लोन रेंजर झाला. मालिका संपल्यावरही तो वर्षानुवर्षं मुखवटा घालून जत्रांना, मुलांच्या कार्यक्रमांना जात राहिला. नवा सिनेमा काढायला निघालेल्या हक्कदार कंपनीला हे नको होतं. १९७९ मध्ये न्यायालयाने मूरला जाहीर ठिकाणी मुखवटा घालायला मनाई केली. त्याने साधारण त्याच आकाराचा काळा गॉगल घेतला, तो डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा लोकांसमोर उभा राहिला. १९८१ मध्ये कंपनीचा नवा सिनेमा येऊन आपटला. १९८४ मध्ये मनाई उठली, तेव्हा मूर सत्तरीला आला होता. त्याने गॉगल काढला आणि मुखवटा परत चढवला.