चित्रकाराचे पान : मराठी कथाचित्रकारांच्या पेशाचा मागोवा

कथा, कविता, लेख किंवा पाठ्यपुस्तकातील धडा यांच्याबरोबर छापण्यासाठी चित्रे काढणारा कलावंत, म्हणजे कथाचित्रकार, मराठी मुलखात मुद्रणकलेच्या पाठोपाठ आला, आणि त्याची भरभराट व ओढाताण या दोन्ही गोष्टी मुद्रणाच्या अर्थकारणाने ठरवल्या. या पेशाचा इतिहास बहुधा शैलींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्यात धुरंधरांचे वास्तवदर्शन, दलालांचे रंग आणि सरवट्यांची रेषा यांची चर्चा होते, पण ज्यांनी आयुष्यभर हे काम केले आणि त्यातून समाधानही मिळवले त्यांनी छापील पानावरचा आपला अधिकार कसा कमावला, हा तितकाच मोलाचा प्रश्न मागे राहतो. पान प्रकाशकाचे, मजकूर लेखकाचा, ठसे आणि शाई मुद्रकाची, अशा व्यवस्थेत चित्रकाराला सर्वांत शेवटी बोलावले जाई आणि त्याच्याकडून सर्वांत आधी काम मागितले जाई. तरीही काही कारकिर्दी चार-चार, पाच-पाच दशके टिकल्या, आणि त्या प्रत्येकीच्या मागे या व्यवस्थेतून स्वतःसाठी जागा काढण्याची एक ठाम योजना दिसते.

पहिल्या पिढीत ही योजना म्हणजे कलाशाळेतील नोकरी होती. मुंबईत १८५७ साली सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली आणि तिच्यातच शिकून पुढे तिथेच अध्यापन करणारे कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांना ठरलेल्या वेतनाचा आधार मिळाला, त्यामुळे पुस्तकांसाठी चित्रे काढताना त्यांना प्रत्येक कामापुढे मान तुकवावी लागली नाही. एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईवरील इंग्रजी पुस्तकाला (१९१२) आणि सी. ए. किंकेड यांनी मराठी व्रतकथांवरून इंग्रजीत सांगितलेल्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या संग्रहाला (१९१४) धुरंधरांचीच चित्रे आहेत. श्रावणात घराघरांत बायकांच्या तोंडून ऐकल्या जाणाऱ्या कहाण्यांना इतक्या तोलामोलाचा चित्रकार लाभला तो इंग्रजी पुस्तकात, यावरून त्या काळी चित्रांवर पैसा खर्च करण्याची ऐपत कोणत्या वाचकवर्गाजवळ होती, हे कळते. धुरंधरांनी आपल्या आत्मचरित्राचे नावही कलामंदिरात घालवलेल्या एक्केचाळीस वर्षांवरून ठेवले. आयुष्याचा हिशेब चित्रांनी न मांडता संस्थेतील वर्षांनी मांडावा, इतके त्या आधाराचे मोल त्यांना वाटत होते.

मराठी वाचकाच्या पैशावर उभा राहणारा चित्रकार शक्य झाला तो दिवाळी अंकामुळे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळीचा खास अंक काढला आणि त्या प्रथेतून वर्षातून एकदा जाहिरातदार, ग्राहक आणि लेखक एकत्र येण्याचा हंगाम तयार झाला. चित्रांसाठी हा हंगाम निर्णायक ठरला, कारण चित्र छापणे महाग होते. काळ्या शाईने काढलेल्या रेखाचित्राचे छायाचित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवून, रेषा सोडून उरलेला भाग आम्लाने खाऊन टाकला की जो ठसा तयार होई त्याला लाइन ब्लॉक म्हणत. छटा असलेल्या चित्राचे मात्र बारीक जाळीतून छायाचित्र घेऊन त्याचे लहानमोठे ठिपके करावे लागत, आणि त्या ठशाला हाफटोन ब्लॉक हे नाव होते. रंगीत चित्राला पिवळा, तांबडा, निळा आणि काळा असे चार स्वतंत्र ठसे लागत आणि ते एकावर एक अचूक बसले नाहीत तर चेहऱ्याची रेघ गालावर सरकत असे. हाफटोनचे ठिपके गुळगुळीत आर्ट पेपरवरच नीट उमटत, खरबरीत कागदावर ते पसरून चित्र मळकट दिसे. त्यामुळे दर महिन्याच्या साध्या अंकात रेषाच चाले आणि रंग दिवाळीची वाट पाहत. मराठी रेखाचित्राने जी उंची गाठली तिच्यामागे कलावंतांची निवड आहे, तसाच या स्वस्त कागदाचाही वाटा आहे.

गोव्यात जन्मलेले आणि ज. जी. कलाशाळेत शिकलेले दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी ही कोंडी ओळखली. मुंबईत त्यांना मुखपृष्ठांची आणि कथाचित्रांची कामे भरपूर मिळत होती, तरी कागद कोणता वापरायचा, ठसे कुणाकडून करायचे, चित्राला पूर्ण पान द्यायचे की मजकुराच्या कोपऱ्यात दाबायचे, यातला एकही निर्णय चित्रकाराचा नव्हता. १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ सुरू केले तेव्हा हे सर्व निर्णय एकदम त्यांच्या हाती आले, आणि मराठीत प्रथमच एका चित्रकाराची दृष्टी संपूर्ण नियतकालिकाच्या घडणीला लागू झाली. ‘दीपावली’त चित्राला मजकुराची सोबत असलीच पाहिजे अशी अट राहिली नाही, स्वतंत्र रंगीत पाने, नायिकांच्या मालिका, ऋतूंची आणि लोकजीवनाची चित्रे ही वाचकाने जपून ठेवण्याची गोष्ट झाली, आणि असंख्य मध्यमवर्गीय घरांच्या भिंतींवर जे पहिले चित्र लागले ते याच पानांतून कापलेले होते. कलादालनात कधीही पाऊल न टाकलेल्या माणसाची रंगांची जाण घडवण्याचे हे काम मराठी कलेतिहासाने पुरेसे मोजलेले नाही. ‘लोकप्रिय’ हा शिक्का मारून दलालांना दुय्यम ठरवणारी समीक्षा त्यांच्या आकृतीतील गोडवा तेवढा पाहते; मोजक्या रंगखंडांत आकृती उभी करण्याची त्यांची ताकद आणि छपाईत काय उमटेल व काय बुडेल याचा त्यांचा आधीच बांधलेला अंदाज तिच्या नजरेतून सुटतो.

या स्वातंत्र्याची किंमतही मोठी होती. संपादक-मालक झालेल्या चित्रकाराला जाहिराती मिळवणे, लेखकांचा पाठपुरावा करणे, कागदाची तजवीज आणि विक्रीची वसुली हे सारे करावे लागे, आणि त्यातच पावसाळ्याच्या ऐन मध्यावर बाहेरच्या अंकांच्या मुखपृष्ठांची मागणी येऊन पडे, कारण दिवाळीला बाजारात यायचा अंक श्रावण-भाद्रपदातच ठशांवर चढलेला असावा लागे. वर्षभराच्या कमाईचा मोठा भाग काही महिन्यांच्या श्रमात गोळा करण्याची ही रीत शरीराला जड होती. दलालांना आयुष्याची पंचावन्न वर्षेही पुरी मिळाली नाहीत. त्यांचे समकालीन आणि गोव्याचेच रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांनीही ‘रत्नप्रभा’ आणि ‘रत्नदीप’ ही स्वतःची नियतकालिके चालवली. देवदेवतांची कॅलेंडरे आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठे या दोन टोकांच्या कामांतून त्यांचे नाव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचले.

याच्या अगदी उलट वाट वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांनी धरली. कोल्हापूरचे सरवटे स्थापत्य अभियंता होते आणि एका सिमेंट कंपनीत नोकरी करीत त्यांनी चित्रकला सांभाळली. नोकरीमुळे कलेला वेळ कमी पडतो हे खरे, पण ज्याला घरखर्चासाठी चित्र काढावे लागत नाही त्याला नको असलेले काम नाकारता येते, आणि नकार देण्याची ही मोकळीक सरवट्यांच्या रेषेत स्पष्ट दिसते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकासाठी त्यांनी केलेली चित्रे या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहेत. लेखकाने शब्दांत जे सांगून टाकले आहे ते पुन्हा न काढता, शब्दांनी मोकळे ठेवलेले काढावे, म्हणजे एखाद्या पात्राची उभे राहण्याची ढब, खोलीतला पसारा, दोन माणसांमधले अंतर चित्रात आणावे, ही त्यांची पद्धत होती. त्यामुळे वाचक मजकुराकडून चित्राकडे आणि चित्राकडून पुन्हा मजकुराकडे जातो. १९६४ साली सुरू झालेल्या ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी ठणठणपाळ या नावाने साहित्यविश्वाची जी फिरकी घेत तिला सरवट्यांनी दिलेला चेहरा इतका पक्का बसला की तो सदराचाच भाग झाला. आपल्या कलेबद्दल त्यांनी लिहिलेही पुष्कळ, आणि व्यंगचित्राचा व कथाचित्राचा विचार मराठीत गंभीरपणे मांडणारे ते लेखन नव्या चित्रकारांनी आवर्जून वाचावे असे आहे. ‘रेषालेखक’ ही ओळख त्यांच्या नावाला चिकटली ती याच दुहेरी कामामुळे.

शि. द. फडणीस (जन्म १९२५) यांनी नोकरीचा किंवा मालकीचा आधार न घेता चित्राच्या घडणीतच उपाय शोधला. अनंत अंतरकर यांच्या ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ या अंकांसाठी १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी विनोदी मुखपृष्ठे करायला सुरुवात केली, आणि ‘मोहिनी’वरच्या एका चित्राने, ज्यात तरुणाच्या सदऱ्यावर मांजरे आणि तरुणीच्या साडीवर उंदीर आहेत, मुखपृष्ठावरचा विनोद हा स्वतंत्र प्रकार रूढ केला. या चित्राखाली ओळ नाही आणि तिची गरजही नाही. शब्दावर न विसंबणारे चित्र अंकाबरोबर संपत नाही, त्याला भाषेची सीमा राहत नाही आणि ते पुन्हा पुन्हा वापरता येते, हे फडणीसांनी ओळखले. १९६५ पासून ‘हसरी गॅलरी’ या नावाने त्यांनी आपल्या चित्रांची प्रदर्शने भरवली, पुढे तीच चित्रे पुस्तकरूपाने आली आणि परदेशांतही दाखवली गेली. छपाईसाठी काढलेले चित्र छपाईनंतरही चित्रकाराच्या मालकीचे, पाहण्याजोगे आणि जपण्याजोगे राहते, ही जाणीव त्या काळी अजिबात सार्वत्रिक नव्हती, आणि कित्येक चित्रकारांची मूळ चित्रे ठसे करणाऱ्यांच्या किंवा छापखान्यांच्या कपाटांतच नाहीशी झाली.

फडणीसांच्या कामाचा सर्वांत दूरवर गेलेला भाग मात्र वेगळाच आहे. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, म्हणजे बालभारती, १९६७ साली स्थापन झाले, आणि पुढच्या दशकात प्राथमिक वर्गांच्या गणिताच्या पुस्तकांना फडणीसांची चित्रे लाभली. बेरीज-वजाबाकीसारख्या विषयात चित्र ही शोभेची गोष्ट नसते, कारण सहा वर्षांच्या मुलाला ‘तीनातून एक गेला’ ही क्रिया प्रथम डोळ्यांनी समजते. तिथे रेषा चुकली तर गणित चुकते. गणिताची भीती कमी करण्याचे श्रेय एखाद्या व्यंगचित्रकाराला द्यावे लागते ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे. बालभारतीच्याच ‘किशोर’ मासिकाने १९७१ पासून मुलांसाठी चित्रे काढणाऱ्यांना एक कायमचे व्यासपीठ दिले.

ओळीने मांडलेल्या चौकटींतून गोष्ट सांगणाऱ्या चित्रकथेचा उद्योग मुंबईत १९६७ साली अनंत पै यांच्या ‘अमर चित्र कथा’मुळे उभा राहिला. इथे संहिता लेखक लिही, चित्रकार पेन्सिलीने चौकटी आखून त्या शाईने पक्क्या करी, संवादांची अक्षरे आणि रंग अनेकदा दुसऱ्यांच्या हातचे असत. ‘कृष्ण’ (१९६९) चितारणारे राम वाईरकर (१९३६–२००३) आणि पुण्याचे प्रताप मुळीक यांनी या साच्यात राहूनही आपला ठसा उमटवला, इतका की नाव न वाचताही त्यांचे पान ओळखता येते. नियमित काम, अंकावर छापलेले नाव आणि देशभरचा वाचक हे या व्यवस्थेचे मोठे देणे होते. पण एकेका पुस्तकाच्या लाखो प्रती, अनेक भाषांतील आवृत्त्या आणि पुनर्मुद्रणे होत राहतात तेव्हा एकरकमी मोबदला आणि चित्राचे आयुष्य यांतले अंतर वाढत जाते.

या अंतराचे मूळ कायद्यात आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कलाकृतीचा पहिला हक्क सामान्यतः निर्मात्याचा असला, तरी नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाला अपवाद आहे, आणि कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या रंगचित्राच्या बाबतीतही वेगळा करार नसेल तर पहिला हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. दोन तरतुदी मात्र चित्रकाराच्या बाजूच्या आहेत. हक्क सोपवताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि हक्क देऊन टाकला तरी आपल्या कृतीवर आपले नाव असावे हा आग्रह धरण्याचा अधिकार कलावंताकडे राहतो. मराठी प्रकाशनव्यवहार पिढ्यान् पिढ्या तोंडी शब्दावर आणि परस्परविश्वासावर चालला. त्या विश्वासात खरा जिव्हाळा होता, परंतु लेखी करार नसल्याचा तोटा जवळजवळ नेहमी चित्रकाराच्याच वाट्याला आला.

लेखन आणि चित्र एकाच हाती घेणे हा यावरचा आणखी एक उपाय, आणि तो मराठीत सर्वांत समर्थपणे माधुरी पुरंदरे यांच्या कामात दिसतो. ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या पुरंदरे यांनी ज्योत्स्ना प्रकाशनासाठी केलेल्या ‘राधाचं घर’, ‘यश’ यांसारख्या मालिकांत कोणता तपशील शब्दात सांगायचा आणि कोणता चित्रासाठी राखायचा, हे एकच मन ठरवते. आजीच्या खोलीतला पलंग किंवा स्वयंपाकघरातला ओटा यांचा मजकुरात उल्लेखही नसतो आणि मूल त्याच चित्रात सर्वाधिक वेळ रेंगाळते. ‘चित्रवाचन’ या त्यांच्या पुस्तकात तर मुलाने चित्रातूनच गोष्ट उलगडायची असते. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४ साली मिळाला.

त्याच सुमारास पेशाची घडी पुन्हा बदलू लागली. चित्र संगणकावरच तयार होऊ लागल्यावर मूळ प्रत हरवण्याचा प्रश्न सुटला, पण मूळ प्रत आणि छापील प्रत यांतला भेदही मिटला, आणि चित्रकाराच्या हाती विकण्यासारखे जे उरले ते केवळ वापराचे हक्क. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली ‘स्टोरीविव्हर’ या खुल्या संग्रहातून लेखक-चित्रकारांचे नाव देऊन कोणालाही पुस्तके वापरण्याची, भाषांतरित करण्याची आणि चित्रे नव्या गोष्टींत गुंफण्याची मुभा दिली. तेथे चित्रकाराला मोबदला एकदाच मिळतो आणि चित्र मात्र मराठीसह अनेक भाषांत फिरत राहते. दलालांनी स्वतःचे नियतकालिक काढून जो ताबा मिळवला होता तो येथे जाणीवपूर्वक सोडून दिला जातो, आणि त्या बदल्यात गोष्टींच्या पुस्तकांपासून वंचित राहिलेल्या मुलांपर्यंत चित्र पोहोचते. मुलांसाठी काम करणाऱ्या चित्रकाराला हा व्यवहार मोलाचा वाटू शकतो. मात्र वर्षभराची कमाई त्यावरच अवलंबून असेल तर त्याला सरवट्यांप्रमाणे नोकरीचा, फडणीसांप्रमाणे स्वतःच्या प्रदर्शनांचा किंवा पुरंदऱ्यांप्रमाणे स्वतःच्या शब्दांचा दुसरा आधार शोधावाच लागतो.