एका गावाच्या चार भाषा
बोली समजून घेताना : लेखांक ६

बारा कोसांवर भाषा बदलते, या म्हणीचं बोट धरून गेल्या आठवड्यात आपण नागपूरकडच्या ‘जाऊन राहिलो’पासून मालवणातल्या ‘जातंय’पर्यंत जाऊन आलो. मध्ये डोंगर, घाट, नद्या आल्या की बोली वेगळ्या होतात, हे सहज पटतं. पण मध्ये काहीच नसेल तर? एकाच शिवारात राबणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळं बोलत राहतात, ती कशी?

याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण आपल्या सांगली जिल्ह्यातलं आहे : कुपवाड. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषाशास्त्रज्ञांचा या गावावरचा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा गावाची वस्ती सुमारे ३,०००. जैन आणि लिंगायत घरांत कानडी, मुसलमान घरांत उर्दू, दलित वस्तीत मराठी आणि दोर वळणाऱ्यांच्या घरांत तेलुगू. बहुतेक पुरुषांना यांतल्या किमान दोन भाषा येत.

इतकं येत असताना एका भाषेनं बाकीच्या गिळल्या कशा नाहीत? कारण घरची भाषा ही जातीची, धर्माची खूण होती. सोयरीक आपल्यातच, त्यामुळे चुलीपाशी एकच भाषा. चावडीवर किंवा बांधावर परक्या समाजाशी बोलायचं तर मराठी. जमीन राखून असलेल्या जैन आणि मुसलमान या दोन्ही समाजांची ती घरची भाषा नव्हती. म्हणून ती वापरताना कुणीच कुणापुढे नमत नव्हतं.

खरी गंमत पुढेच आहे. शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण व्याकरण एकमेकांत मुरत गेलं. ‘जाऊन पाहून आलो’ हे कानडीत ‘होगि नोडि बंदे’, उर्दूत ‘जा के देख के आया’. हा साचा भारतात पुष्कळ ठिकाणी सारखाच आहे. कुपवाडात मात्र अशी जुळणी वाक्यावाक्यांत दिसली. लिंगाचंच बघा. कानडीत पुरुष, बाई आणि उरलेलं सगळं, अशी सरळ वाटणी. प्रमाण उर्दूत नदी ‘आयी’. कुपवाडच्या उर्दूत ती ‘आया’. लखनौच्या माणसाला ही चूक वाटेल. पण गावातल्या बोलणाऱ्याच्या दृष्टीनं नदी ही बाई नव्हे, एवढा साधा नियम त्यामागे आहे.

शब्द कानाला लगेच जाणवतात, म्हणून ओळख सांगायचं काम त्यांच्याकडे राहतं. वाक्याची घडण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून ती बिनबोभाट बदलते. बोलीतला फरक हा नेहमी अंतराचा किंवा अडाणीपणाचा परिणाम नसतो. पुष्कळदा तो माणसांनी समजून-उमजून राखलेला असतो.

राखणारे हात सैल पडले की तोही सरतो. आज कुपवाड महापालिकेत आहे, शेजारी औद्योगिक वसाहत आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी सुमारे चाळीस वर्षांनी इथल्या भाषांचा पुन्हा अभ्यास केला, तेव्हा मराठीचं पारडं जड झालेलं दिसलं. शाळा मराठी, नोकरी मराठी. मग घरची भाषा राखायची ती कुणासाठी, हा प्रश्न आता घराघरांत सुटतो आहे.

पुढील आठवड्यात : एकोजीराजांच्या काळापासून तमिळ मुलखात नांदणारी तंजावरची मराठी.